पाठमोरी

धुळ्यातल्या एका मराठी शाळेत मी चित्रकला शिकवतो. इंटरमिजिएटची परीक्षा जवळ आली की पालक एकच विचारतात, ग्रेड कोणती येईल? ए ग्रेडला दहावीत 7 गुण वाढतात. त्यांचा चित्रकलेशी संबंध तेवढाच, आणि मुख्याध्यापकांचाही.

सरावाला स्मरणचित्राचा विषय दिला होता, 'माझे घर, सकाळची वेळ'. स्मरणचित्र शिकवताना मी दोन गोष्टींसाठी जीव काढतो. क्षितिजरेषा आधी, माणसं नंतर. आणि पुढचं माणूस कागदाच्या निम्म्या उंचीचं तरी हवं. मुंग्यांएवढी माणसं काढली की परीक्षक थांबतसुद्धा नाही.

यंत्रमागाच्या वस्तीतल्या एका मुस्लिम मुलीनं घराचं छप्परच उडवलं. चार खोल्या एकाखाली एक, फरशी भिंतीसारखी उभी, आणि चारही खोल्यांत पांढऱ्या ओढणीतली तीच बाई, पाठमोरी. मी लाल पेन्सिलनं मधोमध आडवी रेघ ओढली आणि कडेला लिहिलं, 'पर्स्पेक्टिव्ह? चेहरा?' शेजारचे ज्येष्ठ सर डोकावले. "त्यासमा तोंड काढतस नही, भाऊ." मी मान डोलावली. सांगायला लाज वाटते, पण डोलावली.

आठवड्यानं शाहझिया सिकंदरचं 'द स्क्रोल' मोबाइलवर पाहिलं आणि झोप उडाली. ही चित्रकर्ती 1969 साली लाहोरला जन्मली, आता न्यूयॉर्कला असते. 'द स्क्रोल' हे तिचं 1989-90 मधलं, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचं काम. पाच फुटांहून लांब पट्टी. खाली वसली, म्हणजे एकावर एक कागद खळीनं चिकटवून, घोटून गुळगुळीत केलेला जाड कागद. त्यावर चहाच्या पाण्याचा हात. (पोस्टर कलरच्या डबीत ब्रश खुपसणाऱ्या पोरांना हे सांगावं तरी कसं?) जुन्या पोथ्यांतल्या लघुचित्रांसारखं घर उघडं, जमिनी उभ्या, आणि खोल्याखोल्यांतून फिरणारी पांढऱ्या कपड्यांतली मुलगी. चेहरा दिसत नाही.

ती लाहोरला शिकली ते कॉलेज मूळचं 1875 चं मेयो स्कूल. पहिले प्राचार्य लॉकवूड किपलिंग, तिथं गेले ते आपल्या मुंबईच्या जे.जे. कलाशाळेतून. त्यांना इथल्या कारागिरीचं प्रेम होतं, ते नाकारत नाही. पण 1857 मध्ये सुरू झालेल्या जे.जे. मध्ये पोरांचा हात बसवायला समोर ठेवत ते ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती. इथल्या पोथ्यांची पानं सुटी होऊन लंडनच्या संग्रहात गेली आणि इथं उरली ती क्षितिजरेषा. माझी लाल रेघ त्याच घराण्यातली. त्याच 1857 च्या उठावानंतर उत्तरेकडून विणकर मालेगाव-धुळ्याकडे उतरले. मुलीचे पूर्वज त्यांतलेच.

दुसऱ्या दिवशी तिला बोलावलं. माझ्याकडे आख्खं व्याख्यान तयार होतं. ओळख, इंग्रजांचा वारसा, न दाखवलेला चेहरा. तिनं 'द स्क्रोल' पाहिलं, "छान आहे" म्हणाली आणि बोटानं पुढं सरकवलं. पुढच्या फोटोत ह्यूस्टनच्या विद्यापीठातला, सिकंदरनंच घडवलेला 18 फुटी पुतळा होता.

"सर, याला डोकं का नाही?"

"2024 मध्ये कुणीतरी तोडलं. सिकंदर म्हणाली, परत बसवू नका, असंच राहू द्या."

त्या फोटोकडे ती बराच वेळ बघत राहिली.

मग मी विचारलंच, "तुझ्या चित्रात चेहरा का नाही काढलास?"

"दादी आहे ती. मागासाठी सुताच्या कांड्या भरत असते ना, चरख्याकडे तोंड करून. आम्हाला पाठच दिसते."

"चारही खोल्यांत?"

"सकाळी चारही खोल्यांत तीच असते, सर."

ज्येष्ठ सरांचं वाक्य माझ्या डोक्यात होतं, त्यावर मी सिकंदर चढवली होती. दादीला कुणी विचारलंच नव्हतं. मी उगाच फोन बंद केला, चालू केला.

"परीक्षेत असं चालेल?"

"नाही."

"मग दुसरा विषय द्या."

मी फळ्यावर लिहिलं, 'बसस्थानकावरील दृश्य'. तिनं पट्टी काढली आणि क्षितिजरेषा आखली.