ऑलमोस्ट पोचले!

मंगळवार, रात्री साडेनऊच्या सुमारास

भाची दहावीला आहे. संध्याकाळी व्याकरणाचं पुस्तक घेऊन परळला आली. "मावशी, 'फ्यू' आणि 'अ फ्यू'त फरक काय गं? मध्ये नुसता एक 'अ' लटकलाय." म्हटलं, मराठीत बोलून बघ. 'माझे थोडेच मित्र आहेत' आणि 'माझे थोडे तरी मित्र आहेत'. तिला पटलं. आपला 'च' आणि 'तरी' जे काम करतात, ते इंग्रजी एका 'अ'वर भागवतं. 'लिटल'चंही तसंच, फक्त ते पाणी, वेळ, धीर अशा न मोजता येणाऱ्या गोष्टींना लागतं.

खरी गंमत 'ऑलमोस्ट' आणि 'बेअरली'ची. 'आय ऑलमोस्ट मिस्ड द ट्रेन' म्हणजे गाडी चुकता चुकता राहिली. 'आय बेअरली कॉट द ट्रेन' म्हणजे जेमतेम मिळाली. दोन्हीकडे माणूस गाडीतच. पण 'ऑलमोस्ट कॉट' म्हटलं की तो फलाटावर! 'ऑलमोस्ट'पुढचं क्रियापद घडलेलं नसतं, 'बेअरली'पुढचं कसंबसं का होईना घडलेलं असतं. माझी एक मैत्रीण चर्चगेटला भेटायचं ठरलं की फोनवर "ऑलमोस्ट पोचले!" म्हणते आणि मागून 'पुढील स्टेशन अंधेरी' ऐकू येतं. व्याकरणाने बघितलं तर बाई खोटं बोलत नाही.

'हार्डली'त तर नकार आधीच दडलेला. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे राबतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामाच्या नावाने शंखच. त्यामुळे प्रमाण इंग्रजीत त्याला आणखी 'नॉट' जोडत नाहीत. आपण मात्र 'हार्डली'ला पार मुंबईकर करून टाकलंय. घर दाखवणारा एजंट "स्टेशनपासून हार्डली पाच मिनिटं" म्हणतो, तेव्हा ती पाच मिनिटं कोणाच्या पायांची हे विचारून घ्यावं.

मग आलं 'इश'. भाची लाजल्याचं नाटक करत "इश्श!" म्हणाली. 'रेडिश' म्हणजे तांबूस, 'यलोइश' म्हणजे पिवळसर, 'सेवनिश' म्हणजे सातच्या सुमारास. इथे आपण जास्त श्रीमंत आहोत असं माझं प्रामाणिक मत: काळपट, हिरवट, निळसर, शिवाय पाचेक, दहाबारा, शंभरएक.

'क्वाइट' उद्यावर टाकलंय. 'क्वाइट गुड' ब्रिटिशांकडे बहुधा बऱ्यापैकी, अमेरिकेत चांगलंच चांगलं, आणि 'क्वाइट इम्पॉसिबल' म्हणजे साफ अशक्य. भाचीला तोवर भूक लागली होती.