चहा प्या आणि झोपा

"चहा पिता ना तुम्ही? मग भरपूर प्या. आणि झोपा."

गेल्या नोव्हेंबरात जर्मनीतल्या ब्रेमेनमधल्या माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला दिलेलं औषध ते एवढंच. तीन दिवस अंगात कसकस होती, नाक चोंदलेलं, रात्री खोकल्याची ढास लागली की उठून बसावं लागत होतं. त्यांनी छाती तपासली, घसा आणि कान पाहिले, ताप मोजला, म्हणाल्या, व्हायरल आहे. मी म्हटलं, पण कफ हिरवट पिवळा पडतोय. त्या म्हणाल्या, रंगावरून जिवाणू आहेत असं ठरत नाही. शरीरातल्या पांढऱ्या पेशी लढायला आल्या की कफाला तो रंग येतो, साध्या विषाणूच्या सर्दीतही येतो. मग शुक्रवारपर्यंत आजारपणाची रजा लिहिली, "गुटे बेसेरुंग" म्हणजे लवकर बऱ्या व्हा म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

मी ट्रॅमच्या थांब्यावर उभी राहिले ती रागाने थरथरत. बाहेर पाऊस नाही, ऊन नाही, नुसतं राखाडी ओलं काहीतरी हवेत लटकलेलं. हातात औषधाची एक साधी चिठ्ठीसुद्धा नाही. चार वर्षं इथे राहून, दर महिन्याला पगारातून आरोग्यविम्याचे एवढे पैसे कापून घेऊन, आणि तापात फणफणत आलेल्या माणसाला चहा प्या म्हणून परत पाठवायचं? आमच्या कर्वेनगरच्या डॉक्टरांकडे गेलं की किमान तीन प्रकारच्या गोळ्या मिळत. लहानपणी तर कंपाउंडर काका कागदाच्या पुड्या बांधून द्यायचे, सकाळ, दुपार, संध्याकाळ. पुडी हातात आली की निम्मं बरं वाटायचं. आई तर डॉक्टरांना स्वतःच म्हणायची, "जरा स्ट्राँग काहीतरी द्या, हिची परीक्षा आहे." आणि ते द्यायचे. इथे मला वाटलं, या बाईंनी माझं ऐकलंच नाही. परदेशी म्हणून तर नाही ना? हा विचार इथे राहणाऱ्या प्रत्येकाच्या मनात कधी ना कधी येतोच, आणि तापात तर हमखास येतो.

घरी ड्रॉवरमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनची तीन गोळ्यांची पट्टी होती. पुण्याहून येताना कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून आणलेली, चिठ्ठीशिवाय. आपण सगळेच आणतो. बॅगेत मेतकूट, गोडा मसाला, सुंठीची पूड आणि एक अँटिबायोटिकची पट्टी. भारतात अशा अँटिबायोटिक्स चिठ्ठीशिवाय विकायला बंदी आहे, पण ओळखीच्या दुकानात कोण विचारतंय? मी ती पट्टी टेबलावर ठेवली आणि आईला फोन लावला.

"अगं, वाफ घेतलीस का? आणि काढा?" आईचा पहिला प्रश्न. डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकल्यावर ती गप्प झाली. मग म्हणाली, "तुझी आजीही हेच सांगायची. फक्त ती काढाही करून द्यायची."

पट्टी मी त्या दिवशी उघडली नाही. त्याचं एक कारण लाज हेही आहे. पुण्यात असताना मी किती वेळा दोन गोळ्या घेऊन बरं वाटल्यावर तिसरी तशीच ठेवून दिली होती! सर्दी विषाणूंची, नुसते ऱ्हायनोव्हायरस म्हटले तरी दीडशेच्या वर प्रकार आहेत. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. उपयोग होतो तो एवढाच, की आपल्या पोटातले, घशातले जिवाणू त्या औषधाला सरावतात, आणि उद्या खरंच न्यूमोनिया झाला तर तेच औषध लागू पडत नाही. हे मला आधीही माहीत होतं. माहीत असूनही घेत होते, कारण दुसऱ्या दिवशी ऑफिसला जायचं असायचं.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या आजी आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, एकट्या राहतात. जिन्यात माझा खोकला ऐकला होता म्हणे. हातात झाकणाची काचेची बरणी. आत बारीक चिरलेला कांदा, वर मध, आणि तळाशी दोन बोटं पिवळसर पाणी सुटलेलं. "तीन चार तास ठेवलाय. दर दोन तासांनी एक चमचा घ्या." मी झाकण उघडलं आणि एकदम सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. आमची आजी कांद्याचा रस काढून त्यात मध घालून द्यायची, अगदी हाच वास! आजींना सांगितलं तर त्यांना खरं वाटेना. त्यांच्या मते हे त्यांच्या आईचं, युद्धानंतरच्या दिवसांतलं, औषधं मिळत नव्हती तेव्हाचं. आम्ही दोघी त्या बरणीवरून बराच वेळ बोलत बसलो, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये.

दुसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून खोकल्याचं सिरप आणलं. थाइम नावाच्या वनस्पतीचं. चमच्यात ओतलं आणि नाकाजवळ नेताच कळलं, हा तर ओवा! नंतर शोधून पाहिलं. थाइममध्ये जे थायमॉल असतं, तेच आपल्या ओव्याच्या तेलात असतं. म्हणजे आजी तव्यावर ओवा गरम करून मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून छाती शेकायची, आणि ही मंडळी तोच वास बाटलीत भरून विकतात. मला त्या क्षणी काय अभिमान वाटला सांगू! मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानात ज्येष्ठमध, अडुळसा, सितोपलादी, वेखंड हे सगळं कागदाच्या पुडीत मिळतं, आणि इथे त्याला सुंदर खोका, वर हिरवं पान.

आणखी एक. आजोळी कपाटात कोलन वॉटरची बाटली असायची. ताप चढला की पाण्यात त्याचे थेंब टाकून रुमालाच्या घड्या कपाळावर. इथे येईपर्यंत माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं की हे कोलन म्हणजे जर्मनीतलं कोलोन शहर, जिथे फरिना नावाच्या इटालियन अत्तरवाल्याने 1709 मध्ये दुकान थाटलं. ब्रेमेनहून आगगाडीने तीनेक तासांवर. आणि गंमत अशी की खालच्या आजी कपाळावर काही ठेवत नाहीत. त्या कोमट पाण्यात फडकी पिळून पोटऱ्यांना गुंडाळतात, तेही पाय गरम असतील तरच. थंडी वाजत असताना गुंडाळायचं नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं.

पण आपलं ते सगळं चांगलं, असं म्हणून मी थांबत नाही, कारण काही गोष्टी मी माझ्या घरात बंद केल्या आहेत. माझ्या आतेभावाच्या मुलीची मांडी वाफाऱ्याच्या पातेल्याने भाजली होती. पाट, पातेलं, वर चादर, आत चार वर्षांचं पोर. पातेलं कलंडायला किती वेळ लागतो? मी लेकीला पातेल्याची वाफ कधीच देत नाही. बाथरूममध्ये गरम पाण्याचा शॉवर सोडून दोघी पाच मिनिटं बसतो, नाकात मिठाच्या पाण्याचे थेंब घालते. माझ्या बहिणीचं बाळ आठ महिन्यांचं आहे. आईने त्याला मधाचं बोट चाटवायचं ठरवलं होतं, तेव्हा मी फोनवरच ओरडले. एक वर्षाच्या आत मध नाही म्हणजे नाही, त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंपासून बाळाच्या आतड्यात विष तयार होऊ शकतं. आई दुखावली. "आम्ही तुम्हाला चाटवलंच ना?" म्हणाली. हो, चाटवलं. पण तरीही नाही. एक वर्षानंतर मात्र झोपताना एक चमचा मध रात्रीच्या खोकल्याला खरोखर आराम देतो, आणि ते इथले डॉक्टरही सांगतात.

बाबांचं वेगळंच. ते सर्दीची गोळी घेतात आणि वरून तापाची गोळी घेतात. दोन्हींत पॅरासिटॅमॉल! पाकिटावरची बारीक अक्षरं कोणी वाचत नाही. मोठ्या माणसाने चोवीस तासांत 4 ग्रॅमच्या वर जायचं नाही, म्हणजे 500 च्या आठ गोळ्या, आणि बाबांसारख्या बहात्तरीच्या मधुमेही माणसाने तर डॉक्टरांना विचारूनच. मी त्यांना व्हिडिओवर दोन्ही पट्ट्या कॅमेऱ्यासमोर धरायला लावल्या. नाक मोकळं करणारे थेंबही ते महिना महिना घालत होते. आठवड्याच्या वर घातले की नाक त्यांच्याशिवाय उघडेनासंच होतं.

इथे जर्मन लोक एक म्हण म्हणतात, सर्दी तीन दिवस येते, तीन दिवस राहते, तीन दिवस जाते. खोकला त्याहून लांबतो, दोन तीन आठवडेसुद्धा. हे कळलं की चौथ्या दिवशी घाबरायला होत नाही. पण फ्लू म्हणजे सर्दी नव्हे, आणि हे पुणेकरांना मी काय सांगायचं? 2009 मध्ये मी कॉलेजला होते. भारतातला स्वाइन फ्लूचा पहिला मृत्यू त्या 3 ऑगस्टला पुण्यात झाला, एका शाळकरी मुलीचा. शाळा बंद, थिएटर बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर रांगा, मास्क संपले म्हणून लक्ष्मी रोडवर लोक रुमाल बांधून फिरत होते. आपल्याच शहरातल्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, नमुने तपासले जात होते, आणि पुढच्या वर्षी हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस आणली. हे मी इथल्या ऑफिसात अभिमानाने सांगते. फ्लू धाडकन येतो. सकाळी धडधाकट असलेला माणूस संध्याकाळी अंग मोडून आडवा. अशा वेळी वयस्कर, गरोदर, दमेकरी किंवा मधुमेही माणसाने काढ्यावर वाट पाहायची नाही, कारण त्यावरचं विषाणूविरोधी औषध पहिल्या 48 तासांत घेतलं तर सगळ्यात चांगलं काम करतं. धाप लागली, ओठ निळसर दिसले, गुंगी आली, किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर तडक हॉस्पिटल.

इथे साठीच्या पुढे दर ऑक्टोबरात लस टोचतात, विम्यातून. पुण्यात फ्लूचा जोर पावसाळ्यात, म्हणून लस मे महिन्यात घ्यायला हवी, तीही पदरचे पैसे मोजून. बाबा म्हणाले, "तिकडे बसून सांगणं सोपं असतं." मला लागलं ते. पण खोटं नव्हतं. मी रांगेत उभी राहत नाही, रिक्षा शोधत नाही, त्यांना दवाखान्यात नेत नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या चार दिवसांत मी बरी झाले ती झोपून. लॅपटॉप बंद. बॉसला डॉक्टरांचा कागदही पाठवावा लागला नाही, 2023 पासून कंपनी ते परस्पर विमा कंपनीकडून ऑनलाइन घेते. एकाने सुद्धा "जरा कॉलवर येशील का?" विचारलं नाही. पगार कापला नाही, सहा आठवड्यांपर्यंत तो कायद्याने मिळतोच. लेक आजारी पडली तर आम्हा दोघांना प्रत्येकी वर्षाला 15 दिवस वेगळे. पुण्याच्या ऑफिसात ताप घेऊन जाणं ही निष्ठा होती. शेजारच्या तिघांना तो ताप देऊन आम्ही ती निष्ठा दाखवायचो. माझी आई तर शाळेत नोकरी करून, 102 ताप असताना, ओट्याला टेकून पोळ्या लाटायची. मी दहावीत होते. तिच्या कपाळाचा घाम परातीत पडू नये म्हणून ती मान वळवून पदराने पुसत होती, आणि मी टेबलाशी बसून गरम पोळी मागत होते. हे मला ब्रेमेनमध्ये, पांघरुणात, तिसऱ्या दिवशी आठवलं. औंधच्या ब्रेमेन चौकातून मी किती वेळा बसने गेले असेन, त्या नावाच्या गावात पडून मी आईसाठी रडेन असं वाटलं नव्हतं.

अ‍ॅझिथ्रोची पट्टी मी नंतर कचऱ्यात टाकली. इथे तो कचरा जाळतात, त्यामुळे तसंच टाकायचं असतं, संडासात किंवा बेसिनमध्ये नाही.

परवा आईचा फोन आला तेव्हा तिचा आवाज बसलेला होता. घसा, नाक, सगळं. मागे कुकरची शिट्टी ऐकू आली आणि माझा जीव खाली वर झाला. मी विचारलं, "आई, तू ओट्याशी आहेस का?"

"नाही गं, आडवी पडलेय. बाबांनी मऊ भात लावलाय. मेतकुटाची बरणी कुठे आहे ते विचारायला दोनदा येऊन गेले."