पावसाळ्यात प्रिंटर कागद ओढेना

रत्नागिरीत जुलै लागला की पापडापासून पुस्तकांच्या पुठ्ठ्यांपर्यंत घरातलं सगळं मऊ पडतं. गेल्या पावसाळ्यात प्रिंटरनेही असहकार पुकारला. मी घरी नववी-दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते. सरावाच्या प्रश्नपत्रिका घरच्याच, बाटलीतून शाई भरायच्या साध्या इंकजेटवर काढते. चाचणीच्या आदल्या संध्याकाळी ट्रेमध्ये कागदाचा गठ्ठा दिसत असताना पडद्यावर संदेश आला, ‘कागद नाही’.

गंमत म्हणजे ट्रेमध्ये कागद आहे की नाही हे प्रिंटर आधी बघतच नाही, निदान माझ्याकडचा तरी नाही. तो रबरी रोलर फिरवतो आणि कागदाची कड आतल्या एका छोट्या पट्टीला लागून ती हलायची वाट बघतो. ठरलेल्या वेळात पट्टी हलली नाही की त्याच्या लेखी ट्रे रिकामा. मी झाकण वर करून बॅटरी धरली. रोलर घर्र करून फिरत होता, वरचा कागद जागच्या जागी थरथरत होता आणि पुढे सरकायचं नाव नव्हतं.

सर्व्हिस सेंटरला फोन केला. पलीकडच्या मुलाने प्रिंटर न बघताच सांगितलं, “मॅडम, कागद ओढणारी फीडची असेंब्ली गेली असणार. पूर्ण बदलावी लागेल.” खर्च विचारला तर आकडा प्रिंटरच्या किमतीच्या जवळपास निम्मा. पाच वर्षांच्या यंत्रावर एवढे पैसे घालण्याआधी नेमकं काय बिघडलंय ते तरी कळू दे, असं म्हणून मी फोन ठेवला.

“कागद ओढत नाही” असं आपण सरसकट म्हणतो, पण त्यात चार वेगळी दुखणी असतात. कागद मुळीच न ओढणं, दोन-तीन कागद एकदम ओढणं, तिरका ओढणं आणि ओढून मध्येच अडकवणं. कारणं वेगळी, उपायही वेगळे. माझ्याकडे पहिली तिन्ही आलटून पालटून चालली होती, त्यामुळे सुरुवातीला काही सुधरेना.

पहिला धागा आमच्या कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे मिळाला. चाचणीचे कागद शेवटी त्याच्याकडूनच काढून घ्यावे लागले. माझी कहाणी ऐकून तो म्हणाला, “वहिनी, रिम उघडी ठेवता ना? आमच्या मशीनला ट्रेखाली हीटर आहे म्हणून चालतंय. तुमच्याकडे तो नाही.” मोठ्या झेरॉक्स मशीनला ट्रे कोरडा ठेवणारा हीटर बसवून मिळतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

घरी येऊन कागद वजनकाट्यावर ठेवले. कागदाच्या वेष्टनावर ७५ जीएसएम लिहिलेलं असतं, म्हणजे एका चौरस मीटरला ७५ ग्रॅम. ए-फोर कागद चौरस मीटरचा सोळावा हिस्सा. म्हणजे एक कागद सुमारे ४.६९ ग्रॅमचा आणि शंभर कागद ४६९ ग्रॅमचे. (हे गणित मी नंतर नववीच्या मुलांना घातलं, निम्म्यांनी चौरस मीटरचा चौरस सेंटीमीटर करताना शून्यं खाल्ली.) माझ्या ट्रेमधले शंभर कागद भरले ४९५ ग्रॅमच्या आसपास. वरचे पंचवीस ग्रॅम पावसाचे!

दमट कागद लवचीक होतो, कडा वळतात आणि कागद एकमेकांना चिकटून बसतात. रोलर वरच्याला ढकलतो तेव्हा खालचेही त्याच्याबरोबर निघतात, नाहीतर वरचा खालच्यांपासून सुटतच नाही. रिमचं वेष्टन ओल आत येऊ नये म्हणूनच आतून मेणचट असतं आणि आपण ते टराटरा फाडून टाकतो. आता मी ते एका टोकाने कापते, लागतील तेवढेच वीस-पंचवीस कागद बाहेर काढते आणि तोंड दुमडून चिमटा लावते. जे भिजट झाले होते ते कपाटात ठेवले. आमच्याकडे पावसाळ्यात कपड्यांच्या कपाटात चाळीसचा बल्ब जळत असतो, रेशमी साड्यांना बुरशी धरू नये म्हणून. साड्यांच्या शेजारी कागद बघून सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण बघितलं जरूर. दोन रात्रींनी वजन ४७५ पर्यंत उतरलं आणि दोन-दोन कागद एकदम जाणं थांबलं.

मुळीच न ओढण्याचं दुखणं मात्र कमी झालं तरी गेलं नव्हतं. त्याचं मूळ रोलरवर होतं. कागदात चुन्याच्या जातीची पांढरी भुकटी भरलेली असते. स्वस्तातल्या कागदाची ती जास्तच झडते आणि रबरावर बसत जाते. नव्या रोलरला हात लावला तर बोट अडतं. माझ्या रोलरवर बोट सरळ घसरत होतं आणि बोटाला भुकटी लागत होती.

यावर इंटरनेटवर लोक काय काय सांगतात! कुणी पॉलिशपेपरने घासा म्हणतं, कुणी पेट्रोल, कुणी थिनर. पॉलिशपेपरने चार दिवस पकड येते हे खरं, पण रबर झिजून रोलर बारीक होतो. थिनर-पेट्रोलने रबर फुगतं. स्पिरिटने पटकन साफ होतं, पण वारंवार वापरलं तर रबर कडक पडतं, म्हणून मी तेही टाळलं. प्लग काढला, धागे न सुटणारा जुना सुती रुमाल बॅटरीच्या डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवून घट्ट पिळला आणि रोलर अंगठ्याने हळूहळू फिरवत पूर्ण परीघ पुसला. पहिल्या फेरीला रुमालावर राखाडी पट्टा उमटला, तो पांढरा पडेपर्यंत घड्या बदलत पुसत राहिले. रोलरच्या समोर एक छोटी खरखरीत पट्टी असते, दुसरा कागद मागे धरून ठेवणारी. तीही पुसली. पूर्ण वाळेपर्यंत यंत्र चालू केलं नाही. काही मॉडेलमध्ये देखभालीच्या यादीत रोलर साफ करायचा पर्याय असतो, तो असेल तर आधी तो वापरावा. माझ्यात नाही.

त्या संध्याकाळी दहावीची भूमितीची प्रश्नपत्रिका सलग निघाली, पण तिरकी. डावीकडचा समास वर दोन बोटं, खाली एक. ट्रेच्या बाजूचे गाईड कागदाला टेकवून बघितले. ते सैल असले की कागद फिरतो, फार आवळले की कमान होते. तिथे सगळं ठीक होतं. मग परत बॅटरी घेऊन मागच्या खाचेत डोकावले, तर डाव्या कोपऱ्यात काहीतरी पिवळट दिसलं. बाटलीतल्या शाईचा प्रिंटर उलटा करून झटकायची सोय नसते, टाकीतली शाई सांडते. भुवया कोरायचा लांब चिमटा घेतला. झेंडूची सुकून काडी झालेली पाकळी निघाली, पाठोपाठ कुंकू लागलेला तांदळाचा दाणा.

“अहो आई, दसऱ्याला प्रिंटरची पूजा कुणी केली?”

“मी केली. तुझी पोटाची सोय आहे ना त्याच्यावर? नुसत्या लॅपटॉपलाच फूल वाहायचं होय?”

यावर काय बोलणार! म्हणजे ती अक्षता ऑक्टोबरपासून तिथे होती. कागद कोरडा आणि कडक असताना तिच्यावरून कसाबसा जायचा, दमट झाल्यावर त्या बाजूला अडून फिरायला लागला. यंदाच्या दसऱ्याला मागच्या ट्रेचं झाकण बंद करून, वर फडकं घालून मगच पूजा करायची असं आमचं ठरलंय.

मध्येच अडकायचं दुखणं मला फक्त पाठपोट छपाईत भेटलं. इंकजेटची शाई पाण्याची, त्यामुळे एक बाजू छापली की कागद ओला होऊन वाकतो. तोच लगेच उलटा घातला तर हमखास आत गोळा होतो. आता सगळ्या विषम पानांची एक बाजू छापून घेते, गठ्ठ्यावर जाडजूड शब्दकोश ठेवते आणि चहा झाल्यावर सम पानं. अडकलाच तर प्रिंटर बंद करून, मागचं झाकण काढून, कागद ज्या दिशेने जातो त्याच दिशेला दोन्ही हातांनी सावकाश ओढायचा. फाटला तर तुकडे टेबलावर जुळवून बघायचे. एखादा कोपरा कमी पडला तर तो आतच आहे. शाई फवारणारा भाग ज्या दांड्यावर सरकतो, तिथली पातळ पारदर्शक पट्टी मात्र हाताला लागू द्यायची नाही. तिच्यावर ग्रीसचं बोट उमटलं की छपाईच वेडीवाकडी.

सर्व्हिस सेंटरने बदलायला सांगितलेली असेंब्ली अजून तीच आहे. मुलांच्या प्रकल्पांसाठीचा जाड कार्डपेपर मात्र अजून नीट जात नाही. तो मागच्या वळणावर वाकत नाही, रोलर कितीही चकचकीत असो. त्यासाठी मी मुलांना सरळ कोपऱ्यावर पिटाळते.