थंडी वाजत नाही म्हणजे कूलिंग बंद आहे असं नाही हो

नवी मुंबईत महापे-रबाळेला नोकरी म्हटलं की आमच्या कळव्याच्या नातेवाईकांना अजून केमिकल कंपनीच आठवते. आता त्या पट्ट्यात बिनखिडक्यांच्या अवाढव्य बिल्डिंगा दिसतात ना, त्यातल्या बऱ्याच डेटा सेंटर (म्हणजे सर्व्हरची गोदामंच) आहेत आणि अशाच एकीत मी कूलिंग बघतो.

कस्टमर व्हिजिटला येतात ते जॅकेट घालून, आणि कोल्ड आइलमध्ये (सर्व्हरच्या पुढची गार हवेची गल्ली) २५ डिग्री बघितलं की पहिला प्रश्न, एसी बंद पडलाय का? अरे बाबा, ॲश्रेची (एसीवाल्या इंजिनिअरांची अमेरिकन संस्था) शिफारस २००८ पासून १८ ते २७ आहे, आणि ती सर्व्हर पुढून जी हवा ओढतो तिची, खोलीची नाही! मागच्या हॉट आइलमध्ये, म्हणजे गरम हवेच्या गल्लीत तर घाम फुटलाच पाहिजे, गरम हवा तिथेच अडकवायची असते.

खरी वीज जाते ती भोकांमधून. रॅकमधल्या (सर्व्हर रचतात ते कपाट) रिकाम्या जागेत ब्लँकिंग पॅनल, म्हणजे भोक बुजवायचं झाकण नसेल तर मागची गरम हवा फिरून पुढे येते, वरचे सर्व्हर तापतात, अलार्म वाजतो, मग रात्रपाळीचा कोणीतरी सेटपॉइंटच (एसीला ठरवून दिलेलं तापमान) खाली ओढतो आणि एका रॅकपायी अख्खा हॉल कुडकुडत बसतो. पॅनल म्हणजे साधा प्लॅस्टिकचा तुकडा, पण त्याचा पीओ (खरेदीची ऑर्डर) काढायला पाणी गार करणाऱ्या नवीन चिलरच्या पीओपेक्षा जास्त फॉलोअप लागतो (हे अनुभवाचे बोल).

भोकं बुजवली की पंखे हळू करता येतात आणि मजा तिथेच आहे, कारण पंख्याची पॉवर स्पीडच्या घनात बदलते, म्हणजे स्पीड २०% कमी केला तर वीज जवळजवळ निम्मी. पण म्हणून तापमान वाटेल तेवढं चढवायचं नाही, एका मर्यादेनंतर सर्व्हरचे स्वतःचे पंखे बोंबलायला लागतात. आणि गंमत अशी की ती वीज आयटी लोडमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या कामाच्या विजेत धरली जाते. पीयूई हा डेटा सेंटरच्या काटकसरीचा आकडा, कमी तेवढा चांगला, म्हणजे एकूण वीज भागिले आयटीची वीज, त्यामुळे बिल वाढलं तरी पीयूई सुधारलेला दिसतो, प्रेझेंटेशनमध्ये टाळ्या. मी तरी आधी मीटरचे युनिट बघतो.

ठाण्याची खाडी इतकी जवळ असून तिचं पाणी का वापरत नाही, असंही विचारतात. गूगलने फिनलंडमध्ये हामिनाला जुन्या पेपर मिलमध्ये समुद्राच्या पाण्यावर कूलिंग केलंय, पण तो समुद्र गार. आपली खाडी उथळ, गाळाची, कोमट, वर फ्लेमिंगो अभयारण्य. बाहेरची हवा घ्यावी तर जानेवारीतल्या चार रात्री सोडून दमटच. एआयच्या रॅकना मात्र आता थेट चिपपर्यंत पाणी न्यावंच लागतंय, एकेक रॅक १०० किलोवॅटच्या वर जायला लागला तर हवेचं काम नाही ते.

तरी सगळ्यात स्वस्त कूलिंग म्हणजे सर्व्हर बंद करणं. जुना सर्व्हर काहीही न करता बसला तरी फुल लोडच्या निम्म्याच्या आसपास वीज खाऊ शकतो, आणि जेवढी खातो तेवढी उष्णता आम्ही उपसायची. आमच्याकडे असे काही आहेत ज्यांचा मालक कोण हेच कोणाला माहीत नाही. मेल टाकले, उत्तर शून्य, आणि केबल काढायची हिंमत मॅनेजरचीही नाही, पेरोल त्याच्यावरच चालत असेल तर काय घ्या!