तुम्ही विचारलंत म्हणून: माळ्यावरचे स्पीकर

"माळा आवरताना बाबांचे जुने स्पीकर सापडलेत. पंचवीस वर्षं कुणी हात लावलेला नाही, नव्यासारखे दिसतायत. जोडून बघू का?" हे मला महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी विचारतंच. नका जोडू. आधी पुढची जाळी काढा आणि वूफरच्या, म्हणजे खालच्या सुरांच्या मोठ्या स्पीकरच्या, कडेला हलकेच बोट लावा.

मामाच्या स्पीकरला मी बोट लावलं, तर ते आरपार गेलं. मामा बोटीवर होता. १९७३ साली त्याने अमेरिकेतून एआर-३ए ची (अकूस्टिक रिसर्च कंपनीच्या स्पीकरची) जोडी आणली, एकेक नग चोवीस किलोचा. मामा गेल्यावर मामीने ती जुन्या चादरींत गुंडाळून ठेवली. पण कोनभोवतीचा, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याच्या कडेचा, फोम पॉलियुरेथेनचा, आणि हवा मुंबईची. दमटपणाने हा फोम आतून तुटत जातो, मग तुम्ही वाजवा नाहीतर चादरीत ठेवा. हाताला लागतो तो चिकट काळा चुरा. अशा अवस्थेत वाजवलं तर कोनला कडेचा आधार नसतो, व्हॉइस कॉइल (कोनमागचं तारेचं वेटोळं) चुंबकाच्या फटीत घासते, आणि निव्वळ फोमवर भागलं असतं तिथे कॉइलही जाते.

पहिला वूफर मी एका दुकानात दिला. "एकदम नवा करून देतो" म्हणत त्याने मूळ कोन फाडून कडक कागदाचा बसवला. दिसायला झकास! पेटीत बसवून तबला लावला, तर डग्गा पत्र्याच्या डब्यासारखा. या स्पीकरची पेटी हवाबंद असते. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते, म्हणून कोन जड आणि त्याची कडा ढिली लागते. तिथे कडक कोन बसवला की खालचे सूर गेलेच. मूळ कोन तोवर दुकानाच्या कचऱ्यात गेला होता. तसा दुसरा कोन मिळवायला मला दोन वर्षं लागली. तेव्हा फोमच गेला असेल तर फक्त फोम बदला, कोनला हात लावू देऊ नका.

दुसरा वूफर घरीच केला. जुना गोंद काढण्यातच तीन संध्याकाळी गेल्या: नखाने खरवडायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवायचा, आणि कोनचा कागद भिजणार नाही हे बघायचं. मधली टोपी कापून कॉइलभोवती चार पट्ट्या सरकवल्या, म्हणजे गोंद वाळेपर्यंत ती फटीच्या बरोबर मधोमध राहते. पट्ट्या मामीच्या गुडघ्याच्या एक्स-रेमधून कापल्या. (विचारून. गुडघा आता बदललाय.) सकाळी पट्ट्या काढल्या, दोन्हीकडे बोटं ठेवून कोन हळूच आत दाबला. खरखर नाही! त्या क्षणासाठीच हा उद्योग.

ट्वीटर, म्हणजे वरच्या सुरांचा छोटा स्पीकर, मात्र मुका होता. लोक इथे 'जळला' म्हणून नवा शोधत बसतात. या मॉडेलच्या मागे मधल्या आणि वरच्या सुरांसाठी दोन नॉब असतात. बहुतेक वेळा दोष त्यांच्यात निघतो, आतली तार आणि पट्टी हिरवी कळकलेली असते. मामीने लगेच पितांबरी पुढे केली. तिचं निदान बरोबर, औषध चुकीचं. बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर पुरला. क्रॉसओव्हरमधले (सूर वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणाऱ्या सर्किटमधले) ६, ५० आणि १५० मायक्रोफॅरडचे कपॅसिटर मात्र मापून बदलले. १५० वाला १९० दाखवत होता.

सगळं बसवल्यावर वूफर पुन्हा अलगद दाबला. तो झटकन उसळला असता तर कुठूनतरी हवा गळत होती. तो सावकाश वर आला. मग डग्गा लावला. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली, जरा उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, आवाज कमी कर, खालचे येतील."

तर बोट लावा. कड कापडाची किंवा रबराची निघाली तर घाबरू नका, ती सहसा टिकते. एआर-३ए चीच सुरुवातीची मॉडेलं कापडी कडेची होती. फोम निघाला तर बोट कागदाला पुसा. मी मामीच्या चादरीला पुसलं होतं, तो काळा डाग अजून गेलेला नाही.