शेवटचे दोन आठवडे, नुसते पाणी

ओंटारिओतील एका परवानाधारक हरितगृहात मी गेली चार वर्षे गांजाचे पीक सांभाळतो. कॅनडात हे पीक औषधाव्यतिरिक्तच्या वापरासाठी १७ ऑक्टोबर २०१८ रोजी कायदेशीर झाले. माझे सर्वांत अनुभवी सहकारी मात्र त्याआधी कितीतरी वर्षे ते लपूनछपून घेत होते. त्यांच्याकडून मी जितके शिकलो तितके वर्गात बसून शिकलो नाही. तरीही एका प्रश्नावर आमचे अजून जुळलेले नाही: काढणीपूर्वीचे दोन आठवडे खत पूर्ण बंद करून झाडांना नुसते पाणी द्यावे की नाही.

येथे या प्रथेला फ्लशिंग म्हणतात. साध्या पाण्याने झाडातील खताचे क्षार धुऊन निघतात, धूर घशाला लागत नाही आणि राख पांढरी पडते, अशी तिच्यामागची श्रद्धा आहे. मुळांभोवतीच्या कोकोपीटमधील (नारळाच्या काथ्याच्या भुशातील) क्षार पाण्याने धुतले जातात, हे खरेच आहे. परंतु फुलात पोहोचलेले नत्र तोवर प्रथिनांचा, आणि स्फुरद पेशींच्या पडद्यांचा व केंद्रकाम्लांचा भाग झालेले असते. कुंडीत ओतलेल्या पाण्याने ते धुऊन निघत नाही. खत थांबवल्यावर मोठी पाने पिवळी पडतात, ती झाड स्वच्छ होत असल्यामुळे नव्हे, तर उपाशी झाड जुन्या पानांतील नत्र काढून वरच्या वाढत्या भागांकडे पाठवत असते म्हणून. म्हणजे ज्या फुलोऱ्यातून अन्नद्रव्ये काढायची, त्याच्याकडेच ती निघालेली असतात.

कोलोरॅडोतील एका खत कंपनीने याची चाचणी घेतली. एकाच वाणाच्या झाडांना शून्य, सात, दहा आणि चौदा दिवस नुसते पाणी दिले आणि चाखणाऱ्यांना कोणता नमुना कोणता हे सांगितले नाही. उत्पादन, टीएचसी (नशा आणणारे मुख्य द्रव्य) आणि सुगंधी द्रव्ये यांत लक्षणीय फरक आढळला नाही, आणि चाखणाऱ्यांचा कल उलट न धुतलेल्या मालाकडे होता. खत विकणाऱ्याने खत बंद करू नका म्हणावे, यात त्याचा स्वार्थ आहे, हा माझ्या सहकाऱ्यांचा आक्षेप मला योग्य वाटतो. पण त्याचे उत्तर दुसरी, अधिक स्वतंत्र चाचणी हे आहे. जुनी खात्री नव्हे.

ही खात्री कशी घडली, हे मला समजते. जो माणूस दोन आठवडे धीर धरून खत थांबवतो, तोच माल सावकाश वाळवतो आणि बरणीत नीट मुरवतो. चव या शेवटच्या कामांनी सुधारते आणि श्रेय पाण्याला जाते, असे माझे मत आहे. तळघरात पकडले जाण्याच्या भीतीने पीक घेणाऱ्याला तुलनेसाठी अर्धी झाडे वेगळी ठेवणे परवडणारे नव्हते, आणि प्रयोगशाळांचे दरवाजेही बंदीमुळे जवळजवळ बंदच होते.

म्हणून सगळे जुने ज्ञान मोडीत काढणारे तरुण मला पटत नाहीत. फुलोऱ्याच्या शेवटी झाड थोडे तहानेले ठेवावे, असेही जुने लोक सांगत. ग्वेल्फ विद्यापीठातील संशोधकांनी २०१९ मध्ये एका वाणावर नियंत्रित ताण देऊन पाहिला, तेव्हा टीएचसीच्या आम्लरूपाचे (ताज्या फुलात ते मुख्यतः याच रूपात असते) प्रमाण १२ टक्क्यांनी आणि सीबीडी या नशा न आणणाऱ्या द्रव्याच्या आम्लरूपाचे १३ टक्क्यांनी वाढलेले आढळले. विदर्भात संत्र्याचा बहार धरण्यासाठी बागेला ताण देताना मी लहानपणापासून पाहत आलो आहे. तेथे हेतू वेगळा असतो, पण पाणी तोडण्यातही कौशल्य असते, हे मला नवे नव्हते. फुलोरा येण्यासाठी दिवसाला बाराच तास उजेड द्यावा, हा जुना नियम मात्र ढिला पडला. त्याच विद्यापीठाने २०२३ मध्ये दहा वाणांवर केलेल्या अभ्यासात अनेक वाण त्याहून मोठ्या दिवसातही फुलले.

पुढच्या तोडणीला आम्ही एकाच वाणाची दोन बाके वेगळी ठेवणार आहोत. एकाला अखेरपर्यंत खत मिळेल, दुसऱ्याला शेवटचे चौदा दिवस नुसते पाणी. वाळवणे आणि मुरवणे अगदी सारखे. बरण्यांवर नावांऐवजी आकडे लिहावेत आणि ते आकडे तिसऱ्याच व्यक्तीने ठरवावेत, ही सूचना माझी नव्हती. ती माझ्या सर्वांत जुन्या सहकाऱ्यानेच केली.