दोरीचं दुसरं टोक

मासूरी, कालिम्नोस बेट, ग्रीस. ऑक्टोबर.

ग्रांदे ग्रोतामध्ये आज बोटं सोलून निघाली. या अवाढव्य गुहेच्या छतातून चुनखडीचे जाडजूड खांब लोंबतात, क्लाइंबर त्यांना तुफा म्हणतात. तुफा गुडघ्यांत घट्ट आवळायचा, हात झटकून मोकळे करायचे, घाम शोषणारी चॉकची पूड लावायची आणि दोरी अडकवायला खडकात ठोकलेला पुढचा बोल्ट गाठायचा. सह्याद्रीच्या बेसाल्टवर शिकलेल्या माझ्या अंगाला ही मल्लखांबाची कसरत अजून सवयीची नाही. दोनदा सुटले. खाली मैत्रीण बिलेवर, म्हणजे माझी दोरी धरून होती, म्हणून लटकल्या लटकल्या समोरचं तेलेंदोस बेट निवांत पाहता आलं.

दुपारी पोथियाच्या बंदरात गेलो. इथले लोक पिढ्यान् पिढ्या समुद्रातून स्पंज काढून जगले. जुन्या पद्धतीत पाणबुड्या जड, चपटा दगड हातात धरून एका दमात तळाशी जाई. दगडाला दोरी, आणि तिचं दुसरं टोक होडीतल्या जोडीदाराकडे. हे वाचताच हात आपोआप कमरेवर, दोरी बांधायच्या हार्नेसच्या जागी गेला!

मग 1860च्या दशकात तांब्याच्या शिरस्त्राणाचा पोशाख आला. खोल जाता येऊ लागलं, तासन् तास थांबता येऊ लागलं, स्पंज भरपूर मिळू लागले. पण खोलातून भरभर वर आलं की रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक? कित्येक मेले, कित्येक पांगळे झाले. मिहानिकोस नावाच्या इथल्या नाचात पुढचा नर्तक काठी टेकत, थरथरत्या पायांनी ताल धरायची धडपड करतो. तो हाच पांगळा पाणबुड्या. मोबाईलवर पाहिला, पुन्हा लावायचं धाडस झालं नाही.

ईस्टरनंतर होड्या उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे निघत आणि शरद ऋतूत परतत. 1986मध्ये स्पंजांवर रोग पडला आणि आधीच खंगलेला धंदा आणखी बसला. पुढे 1990च्या दशकात आंद्रेआ दी बारी या इटालियन क्लाइंबरची नजर या कड्यांवर पडली. आता ऑक्टोबरात खोल्या भरतात त्या आमच्यासारख्यांनी.

‘धाडसी बेट’ वगैरे पोस्टरवर छापतात, ते मला पटत नाही. आमचं धाडस सुट्टीतलं, तपासलेल्या बोल्टवरचं. त्यांना पोटासाठी उतरावं लागे.

उद्या मिर्तिएसहून तेलेंदोसची बोट. बोटांना टेप लावून झोपते. चिकटपट्टी संपत आलीय, सकाळी आधी ती घ्यायला हवी.